गलीनाच्या गावाला कुलूप नव्हतं

शेवटची बोट धक्क्याला लागली तेव्हा गलीनाच्या आईने घर झाडून घेतलं आणि दाराला कुलूप न लावता बाहेरून एक काठी टेकवून ठेवली. रशियाच्या उत्तरेला, जंगलातल्या नदीकाठच्या त्या वस्तीत काठीचा अर्थ एवढाच, की घरात माणूस नाही. मग कोणी आत जात नसे.

गलीना इथे आखातात, सनाबिसला, आमच्या वरच्या मजल्यावर राहते, माझ्याच ऑफिसात अकाउंट्स बघते. तिच्या आजोबांना सरकारने पडावात भरून त्या काठावर नेऊन सोडलं, लाकूड तोडा म्हणून. पहिला हिवाळा त्यांनी जमिनीत खड्डे करून काढला. मग घरं झाली, शाळा झाली. नदीतून ओंडके वाहत होते तोवर वस्ती चालली. काम संपलं, बोट बंद झाली, माणसं पांगली. "खलास," गलीना म्हणते आणि डोळे पुसते. एवढं सोसूनही तिला त्या गावाची ओढ आहे. मला तिचा हेवा वाटतो, रागही येतो.

तिचं ऐकून मीही ठोकून दिलं, आमच्याकडेसुद्धा कुलूप लावत नाहीत. किती भलं गाव, असं ती म्हणाली. भलं कसलं! आमच्या बौद्धवस्तीत गावातलं कोणी उंबऱ्याला पाय लावत नव्हतं. चोरालाही विटाळ होत असावा.

तुम्ही गावातले आणि माझ्यासारखे बाहेर पडलेले, दोघंही म्हणाल, आता तसं काही राहिलं नाही. गेल्या रजेत माझ्याच वर्गमित्राने मला चहा ओट्यावर दिला, तोही कागदी कपात. आत घरचे सगळे स्टीलच्या पेल्यांतून पीत होते.

वस्तीत आता आई एकटीच उरली आहे. दर शुक्रवारी फोनवर तिचं एकच, "कवा येतूस?" म्हणून या खेपेला व्हिसा रिन्यू न करता कायमचं परतायचं मी ठरवलं होतं.

परवा गलीनाने जेवायला बोलावलं. मी सवयीने दाराशीच थबकलो. "यल्ला, चल," म्हणत तिने हाताला धरून थेट स्वयंपाकघरात नेलं आणि कांदा चिरायला बसवलं. हे आईला सांगितलं तर तिने विचारलं, "चुलीपातुर नेलं तुला?"

"हो, आई."



"मग तितंच ऱ्हा, बाळा. हितं येऊ नगंस."

मी व्हिसा रिन्यू करायला दिला. आता कोणी घर कुठं असं विचारलं की सनाबिस सांगतो. आई तिकडे एकटी आहे, हे सांगत नाही.