सोमवारचा थेंब

"हा मोतीबिंदू नाही. काचबिंदू आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि आई माझ्याकडे बघून हसली. तिला वाटलं, हाही ऑपरेशन करून काढतात.

वसईच्या त्या डोळ्यांच्या हॉस्पिटलात आम्ही ऑपरेशनची तारीख घ्यायला गेलो होतो. आजच ठेवून घेतलं तर पंचाईत नको, म्हणून आईने पिशवीत एक लुगडं, टॉवेल आणि ताट-वाटीसुद्धा भरून आणली होती. मी चिडले होते तिच्यावर. "ताट कशाला गं?" म्हणून रिक्षात भांडलेही होते.

डॉक्टरीणबाईंनी सावकाश समजावलं. ग्लॉकोमा, म्हणजे काचबिंदू. डोळ्याच्या आत पाणी तयार होत असतं आणि बारीक वाटेने बाहेर जात असतं. ती वाट अडली की आतला दाब वाढतो आणि मागची नस हळूहळू मरते. दुखत नाही, खुपत नाही. नजर कडेकडेने जाते आणि माणसाला पत्ता लागत नाही. "गेलेली परत येत नाही," त्या म्हणाल्या. "उरलेली सांभाळायची." आईची डावी बाजू तेव्हाच बरीच गेलेली होती.

घरी येताना आईने ताटाची पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. मी रिक्षाबाहेर बघत बसले.

मग एकेक आठवायला लागलं. आमचं माहेर जूचंद्रचं. तिथे दारात रांगोळी नाही असं घर शोधून सापडायचं नाही, आणि आईचा हात तर गावात नावाजलेला. पण त्याआधीचं वर्षभर तिच्या रांगोळीची डावी कड राहून जायची. उजवीकडे मोराचा पिसारा पुरा आणि डावीकडे नुसती जमीन. मी म्हणायचे, "आई, कंटाळलीस वाटतं." ती म्हणायची, पुरी तर काढली. मला ते वयाचं लक्षण वाटलं. शिकलेली, नोकरी करणारी बाई मी, आणि मला ते वयाचं लक्षण वाटलं.

दाबाचं आधी सांगते, कारण मी स्वतः त्यातच फसले. इन्ट्राऑक्युलर प्रेशर, म्हणजे डोळ्याच्या आतला दाब. तो एका आकड्यात सांगतात. साधारण दहा ते एकवीस म्हणजे ठीक असं धरतात. आईचा उजवा होता अठ्ठावीस, डावा चौतीस. मोजायच्या दोन तऱ्हा पाहिल्या. एका मशीनवर डोळ्यावर हवेची फुंकर मारतात, माणूस दचकतो. दुसरीत डोळा बधिर करणारा थेंब घालून, निळा उजेड टाकून, मशीनचं टोक बुबुळाला अलगद टेकवतात. ही जास्त भरवशाची. बुबुळाची जाडीही एकदा मोजावी लागते, कारण ते पातळ असेल तर आकडा खरा असेल त्याहून कमी दिसतो. आणि प्रत्येकाचं टार्गेट वेगळं असतं. शेजारणीचा वीस चालतो म्हणून आपला चालेलच असं नाही. आईला पंधराच्या खाली ठेवायचा होता.

औषध म्हणजे थेंब. एक बाटली सकाळ-संध्याकाळ, दुसरी झोपताना, जन्मभर. आई एकटी जूचंद्रला, मी सासरी विरारला फुलपाड्यात. शनिवारी मला सुट्टी, म्हणून मी दर शनिवारी जायचे आणि दर तीन महिन्यांनी तिला तपासायला न्यायचे, तेही शनिवारीच. मी एक वही केली. तारीख, उजवा, डावा. पहिल्यांदा सतरा आणि एकोणीस. मग पंधरा आणि सोळा. मग एकदा चौदा, चौदा. त्या दिवशी मी पेढे घेतले हो! शाळेत पोरीला चांगले मार्क मिळावेत तशी मी मिरवत होते. आई पण विचारायची, पास ना? मी म्हणायचे, फर्स्ट क्लास.

पण दर वर्षी आणखी एक परीक्षा असायची. फील्ड टेस्ट म्हणतात. एका वाडग्यासारख्या मशीनमध्ये तोंड घालून समोर बघत राहायचं आणि कडेला उजेडाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. दिसला नाही ती जागा कागदावर काळी येते. पहिल्या वर्षीपेक्षा दुसऱ्या वर्षी काळं वाढलं. तिसऱ्या वर्षी डाव्या डोळ्याचा कागद जवळजवळ सगळाच काळा. आता उजव्यालाही कडेने काळं चढलं होतं.

मी वही काढून दाखवली. बघा ना, चौदा, तेरा, पंधरा. मग हे कसं? मी जरा तावातच बोलले असेन. मला वाटलं मशीन बिघडलंय, नाहीतर आईने बटण नीट दाबलं नाही. डॉक्टरीणबाईंनी टेस्ट परत घ्यायला लावली. तशीच आली.

त्यांनी आईला विचारलं, "मावशी, थेंब चुकतात का?"

"एक दिवस नाय चुकवला," आई म्हणाली, आणि मी मान डोलावली.

बाई थोडा वेळ कागद बघत राहिल्या. मग त्यांनी मला एक साधाच प्रश्न विचारला. बाटली किती दिवस जाते?

मी म्हटलं, दीड महिना तरी. आई फार जपून घालते, एक थेंब वाया घालवत नाही. सांगताना मला कौतुकच वाटत होतं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, रोज घातली तर महिन्यात संपते. आणि उरली तरी उघडल्यावर महिन्याने टाकायची असते. दीड महिना जाते कशी?

मी आईकडे पाहिलं. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"उपासाचे दिवशी कसा टाकू, बाय?" ती मला म्हणाली, डॉक्टरांना नाही. "डोल्यान टाकला का घशान उतरते. कडू लागते. निरंकार उपास मोडते ना."

निरंकार म्हणजे पाण्याचा घोटही नाही. आईचा सोमवार असा. सोमवारी सकाळपासून मंगळवारी आंघोळ होईपर्यंत. शिवाय संकष्टी, एकादशी, नवरात्राचे नऊ दिवस. श्रावणात तर महिनाभर सकाळचा थेंब नाहीच. ती खोटं बोलली नव्हती. तिच्या लेखी उपासाचा दिवस औषधाच्या दिवसांत धरायचाच नव्हता. आणि शनिवारी तपासणी, म्हणजे बुध, गुरू, शुक्र अगदी वेळेवर थेंब. दाब छान यायचा. तो मोजला त्या घटकेचा दाब. सोमवारी त्या डोळ्यांत काय चाललं होतं ते माझ्या वहीत कुठून येणार?

आणि सोमवार कुणासाठी, तेही सांगते. लग्नानंतर माझी तीन बाळं पोटातच गेली. आईने शंकराला नवस केला, हिला मूल होऊ दे, मरेपर्यंत सोमवार निरंकार करीन. मग मला मुलगी झाली. चार वर्षांची आहे. आईला वाटायचं, आपला एक सोमवार मोडला आणि पोरीला काही झालं तर? त्या भीतीपुढे डोळा काय मोठा? मी रागावले, अगं मला एकदा विचारायचंस. ती म्हणाली, तू कामावरनं दमून येतेस, तुला कशाला घोर.

डॉक्टरीणबाईंना राग आला नाही. त्या खुर्ची ओढून आईच्या जवळ आल्या. म्हणाल्या, थेंब घातल्यावर डोळा मिटायचा, आणि नाकाजवळच्या या कोपऱ्यावर बोट दाबून दोन मिनिटं बसायचं. इथे एक बारीक भोक असतं, तिथून औषध नाकात आणि घशात जातं. ते दाबलं की औषध डोळ्यातच राहतं, घशात जवळजवळ उतरत नाही. त्यांनी थेंब घालून, स्वतः बोट धरून दाखवलं. दोन मिनिटं झाली. आईने जीभ टाळ्याला लावून पाहिली, गिळून पाहिलं.

"कडू नाय लागला," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "म्हंजे यो बोट दाबला असता, तर उपास बी नसता मोडला, ना डोला बी नसता गेला?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तसं नक्की सांगता येत नाही. आजार आधीच खूप पुढे गेलेला होता. पण वेळ जास्त मिळाला असता. आणि ही गोष्ट पहिल्या दिवशीच मी करून दाखवायला हवी होती, असंही त्या म्हणाल्या. मला त्यांना बोलायचं होतं, पण कुठल्या तोंडाने? मी स्वतः तीन वर्षांत एकदाही आईला थेंब घालताना बघितलं नव्हतं. नुसते आकडे लिहीत बसले.

म्हणून तुमच्या घरी कुणाला हे असेल तर आकड्यावर खूश होऊन घरी येऊ नका. थेंब कधी घालता, कसे घालता, ते समोर बसून बघा. बाटलीचं टोक डोळ्याला लागू देऊ नका. दोन औषधं असतील तर मध्ये पाच-दहा मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसरं पहिल्याला धुऊन काढतं. बाटली उघडली ती तारीख तिच्यावर लिहा. आणि उपासाचं विचारा. चुकतात का असं नका विचारू. सोमवारी काय करतेस, असं विचारा.

आई आता माझ्याकडे फुलपाड्यात असते. डाव्या डोळ्याला नुसता उजेड-अंधार कळतो. उजव्याने नळीतून बघितल्यासारखं समोरचं तेवढं दिसतं. तो वाचवायला कदाचित ऑपरेशन करावं लागेल. रांगोळीचा डबा तिने जूचंद्रलाच ठेवला. नात डावीकडून येऊन बिलगली की ती दचकते. आता नात आधी समोर येऊन उभी राहते. तिला हे कुणी शिकवलं नाही.

सोमवार आईने सोडला नाही. मी हातापाया पडले, तरी नाही. पण थेंब घेते. कामावर जायच्या आधी मी तिला गॅलरीतल्या खुर्चीत बसवते, मान मागे करते, खालची पापणी ओढून एकेक थेंब घालते. ती डोळे मिटते. दोन्ही कोपऱ्यांवर मीच बोटं धरते. दोन मिनिटं. एवढ्या जवळून आईचा चेहरा मी लहानपणानंतर बघितला नव्हता. रोज ठरवते आणि रोज माझा बांध फुटतो. आवाज होऊ देत नाही. तिला कुठे दिसतंय, डोळे मिटलेले आहेत, असं मला वाटायचं.

गेल्या सोमवारी दोन मिनिटं कधीच होऊन गेली होती. मी बोटं काढली, पदराने तोंड पुसलं, तरी आई तशीच मिटल्या डोळ्यांनी बसून होती. थोड्या वेळाने तिने हळूच विचारलं,

"झाला का तुजा रडून, बाय? उघडू का डोले?"