टकटकचा आवाज

माझ्या धाकट्या जावेला घरात सगळे 'टकटक' म्हणायचे. ती घरीच टायपिंगची कामं घ्यायची. वकिलांचे, डॉक्टरांचे, घटस्फोटाला निघालेल्या बायकांचे कागद तिच्याकडे यायचे. जेवताना मी मुद्दाम विचारायची, "काय गं, आज कुणाचा संसार मोडतोय?" ती म्हणायची, "ताई, तुमच्या पोटात काही राहत नाही. जेवण तेवढं राहू द्या."

तिची एक पद्धत होती. टाइप करून झालं की मूळ कागद मोठ्याने वाचून कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करायचा आणि तो ऐकत पडद्यावरच्या चुका काढायच्या. वाचताना विरामचिन्हंही बोलायची. काम पोचतं केलं की सगळं पुसून टाकायची. लोकांनी विश्वासाने दिलंय, म्हणायची.

शेवटच्या आजारपणात पुसायचं राहिलं. दवाखान्यातून तिने नवऱ्याला बजावलं, "ते तेवढं पुसून टाक. ऐकत बसू नकोस."

भावोजी स्वतः कॉम्प्युटर दुरुस्त करणारे. पण ती गेल्यावर त्या जुन्या खोक्याला त्यांनी हात लावला नाही. घर बदलायची वेळ आली तेव्हा म्हणाले, "वहिनी, जरा बसता माझ्याजवळ?"

तिचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता. कुणी शूटिंग सुरू केलं की बाई पळालीच स्वयंपाकघरात.

भावोजींनी एक फाइल लावली. "माझ्या पतीने स्वल्पविराम लग्नानंतर स्वल्पविराम मला..." त्यांनी झटकन बंद केली. मग एकेक करत बाकीच्यांचीही सुरुवात तेवढी ऐकून पाहिली.

"नुसतं डिलीट करा," मी म्हणाले. "मग झालं ना?"

"त्याने फक्त नाव जातं, वहिनी. आतलं तसंच राहतं. कुणीही उकरून काढेल. कुणी कशाला, मीच काढेन."

"मग एक तरी ठेवा. तुम्ही काय गावभर सांगणार आहात?"

"प्रत्येकीत कुणाचं तरी रडगाणं आहे हो. हिचं स्वतःचं एक वाक्य सापडेना."

त्यांनी पुसायचा प्रोग्रॅम लावला. डिस्कच्या कानाकोपऱ्यात तो शून्यं भरत जातो, म्हणजे खालचं परत वाचता येत नाही. यंत्राने खात्री आहे का विचारलं. भावोजींनी चष्मा पुसला, परत घातला आणि 'हो' दाबलं. डिस्क दाताखाली खडा आल्यासारखी करकरायला लागली. मधेच थांबवायची सोय होती. ते दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले.

किती पुसलं ते दाखवणारी पडद्यावरची पट्टी अर्ध्यापुढे सरकली तेव्हा म्हणाले, "वहिनी, ती चिडली की कशी बोलायची, म्हणून दाखवा ना. यात ती कुठेच चिडलेली नाही."

"अरे, टॉवेल पलंगावर टाकलास परत?" मी म्हणून पाहिलं. मग जरा आवाज चढवून पुन्हा म्हटलं.

भावोजी पडद्याकडे बघत मान हलवत होते. "नाही हो. असं नाही."