कात्रपच्या बोटीची डोलकाठी

“गायकवाड, वारा वाढलाय! घट्ट धरून उभे राहा!” प्रधान साहेब ओरडले.

ते बोटीत उभे होते, मी शिडीवर. बोट बदलापुरात, त्यांच्या कात्रपच्या बंगल्यासमोर, अंगणात विटांवर ठेवलेली. सर्वांत जवळचं पाणी म्हणजे मागच्या दारची मोरी.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली. प्रधान साहेब अंबरनाथच्या आमच्या केमिकल फॅक्टरीत मॅनेजर, मी मेंटेनन्स सुपरवायझर. साहेबांनी कुठल्याशा लिलावात ही छोटी शिडाची बोट घेतली आणि ती दोन पावसाळे अंगणात पडून राहिली. तिच्यात मांजर दोनदा व्यायली. शेवटी वहिनींनी, म्हणजे साहेबांच्या मिसेसनी, निर्वाणीचं सांगितलं, या रविवारी बोट पाण्यात गेली नाही तर संध्याकाळी भंगारात जाईल. फॅक्टरीत साहेबांपुढे कोणाची उभं राहायची टाप नव्हती, पण घरी त्यांचं काही चालत नसे. ते तोंड एवढंसं करून माझ्या केबिनमध्ये आले. मला खरंच वाईट वाटलं आणि बोट तयार करून द्यायला मी हो म्हणून बसलो. शिडाची बोट मी तोवर फक्त कॅलेंडरवर पाहिली होती.

डोलकाठी म्हणजे शीड लावायचा उंच खांब. ती बोटीत नुसती उभी केलेली असते, तिला सावरतात तीन वायररोप. एक पुढून, दोन बाजूंनी. प्रत्येक वायर खाली टर्नबकलला जोडतात. टर्नबकल म्हणजे दोन्ही टोकांना स्क्रू असलेली एक चौकट. फिरवली की वायर ताणली जाते, उलटी फिरवली की सैल होते. ती आपोआप फिरू नये म्हणून तिच्यात एक स्प्लिट पिन घालायची आणि पिनचे पाय वाकवायचे. बोट कुठे न्यायची असली की पिन काढा, टर्नबकल सोडा, डोलकाठी आडवी करा. संपलं.

साहेबांच्या बोटीचे टर्नबकल गंजून त्यांचे पापुद्रे निघत होते. नवे आणायला मी उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये गेलो. दुकानदार सिंधी, बोलायला साखर.

“साईं, प्युअर स्टेनलेस!”

मी खिशातून चुंबक काढलं. चांगल्या स्टेनलेसला ते चिकटत नाही. इथे टर्नबकलच चुंबकावर झेपावला.

“ये क्या सेठ?”

त्याने चुंबक हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. “साईं, आजकल चुंबक में भी बहुत डुप्लीकेट माल आ रहा है.”

मी ढिम्म हललो नाही, तेव्हा कुठे आतून खरं पाकीट आलं.

शनिवारी सगळं बसवलं. नव्या वायर, नवे टर्नबकल, डोलकाठी सरळसोट. पिना घालून पाय वाकवले. साहेब वाकून बघायला लागले.

“एवढीशी? ही तर मिसेसच्या केसातली पिन वाटते.”

“साहेब, तिचं काम तेवढंच असतं.”

“आणि भर खाडीत सुटली तर? गायकवाड, मला पोहता येत नाही.”

हे मला तेव्हा कळलं. मी त्यांची समजूत घातली आणि जेवायला घरी गेलो.

रविवारी सकाळी टेम्पो घेऊन हजर झालो. बोट ठाण्याच्या खाडीत न्यायची होती. फाटकाबाहेरच विजेच्या तारा, त्यामुळे आधी डोलकाठी उतरवणं भाग होतं. मी पिन काढायला वाकलो तर पिनच नाही! टर्नबकलच्या जागी लाडवाएवढा लोखंडाचा गोळा. तिन्ही वायरना तसाच. शेजारी आमच्या फॅक्टरीतला साळवे वेल्डर, कपाळावर गॉगल, चेहऱ्यावर समाधान. मी गेल्यावर साहेबांनी त्याला बोलावून घेतलं होतं. आमच्याकडे जे हलतं त्याला वेल्डिंग मारतात.

“साहेब बोलले, सुटता कामा नये,” साळवे म्हणाला. “आता हत्ती बांधा.”

“रॉड कुठला वापरलास?”

“क्रशरच्या हातोड्यांना मारतो ना, तोच. दगडानं पण झिजत नाय.”

खरंच झिजला नाही. हॅकसॉची ब्लेडं मात्र एकामागून एक बोडकी झाली. वायर कापता आली असती, पण मग डोलकाठी कशावर उभी करणार? कॅम्प दोनचं दुकानही बंद. टेम्पोवाला वर बघत म्हणाला, “उभीच नेली तर पूर्ण बदलापूरची लाइट घालवाल साहेब,” आणि निघून गेला.

साहेब बोटीत जाऊन बसले. जेवायलाही उठले नाहीत. मला साळवेचा राग आला होता, पण साहेबांकडे बघवेना.

ठरल्याप्रमाणे संध्याकाळी भंगारवाला आला. त्याला वायरीची काय फिकीर? त्याने कटर काढला, पहिल्या वायरला लावला आणि सहज वर पाहिलं.

“भाभी, आप के टीवी में चींटियां नहीं आतीं?”

यायची. डोंगराच्या आडोशामुळे आमच्या भागात हिरोच काय, व्हिलनसुद्धा मुंग्यांतून शोधावा लागे.

“इतना ऊंचा खंभा है. इस पे अँटेना लगाओ, हिरोइन के दांत गिन लोगी!”

वहिनी विचारात पडल्या. आपण काय बोलून बसलो हे भंगारवाल्याच्या लक्षात आलं.

“मैं तो ऐसे ही बोला, भाभी...”

“गायकवाड,” वहिनी म्हणाल्या, “तुमची शिडी आहे ना अजून?”

मी वर चढून अँटेना बांधला. आतून वहिनींचा आवाज आला, “आलं, आलं! आता हात लावू नका!” रविवारचा सिनेमा नुकताच सुरू झाला होता, आणि बोटीतून हॉलच्या खिडकीतला टीव्ही अगदी समोर दिसत होता. साहेबांनी मान वर केली. थोड्या वेळाने वहिनींनी खिडकीच्या गजांतून कपबशी पुढे केली.

“घ्या कॅप्टन, चहा. आणि बोट राहू दे इथेच.”

साहेब हसले. इतके खूश मी त्यांना प्रोडक्शनचं टार्गेट पूर्ण झाल्यावरही पाहिलं नव्हतं.

त्या पावसाळ्यात वाऱ्याने आसपासचे बरेच अँटेने आडवे झाले. आमचा हलला नाही. बोट मात्र कधीच पाण्यात गेली नाही. तेव्हापासून कोणी विचारलं तर मी सांगतो, बोटीचं काम फॅक्टरीतल्या माणसांना देऊ नका. आम्हाला घट्ट करायला शिकवलेलं असतं. सोडवायचं काम दुसऱ्या डिपार्टमेंटचं.