तिचा घटस्फोट शोधताना

माझ्या मुलाने घटस्फोट झालेल्या मुलीशी लग्न ठरवलं तेव्हा घरात सगळ्यांत आधी हो म्हटलं ते मी. नवरा आठवडाभर गाल फुगवून बसला होता. पुण्याच्या नणंदेने फोनवर मोठा सुस्कारा सोडला. मी मात्र आमच्या दुबईच्या महाराष्ट्र मंडळातल्या बायकांना आपण होऊन सांगत सुटले, की आजच्या काळात असलं काही मनात आणायचं नसतं. बायकांनी माझं तोंडभरून कौतुक केलं आणि ते मला फार आवडलं. इतकं नाकाने कांदे सोलणं माझ्याशिवाय कुणाला जमलं नसतं.

मनातून मला ते लग्न नको होतं. मुलगी वाईट असती तर सोपं झालं असतं, पण तिच्यात नाव ठेवायला जागा नव्हती. मूळची नाशिकची, अबुधाबीच्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट, बोलायला मऊ, कामाला वाघ. डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या घरी पहिल्यांदा आली तेव्हा माझ्या दुखऱ्या खांद्याला हात लावून म्हणाली, "काकू, उशी बदला आधी." उशी बदलली आणि खांदा दुखायचा राहिला. तरीही ती गेल्यावर मी भांडी घासताना एकच गोष्ट घोळवत बसायचे, की हिने आधी कुणाबरोबर तरी संसार केलेला आहे. हे लिहायलाही लाज वाटते. पण वाटायचं ते असं.

दोघांना लग्न अबुधाबीच्या कोर्टात करायचं होतं. तारीख मिळाली. तिथे तिच्या घटस्फोटाच्या निकालाची प्रमाणित प्रत लागणार होती आणि ती तिच्याजवळ नव्हती. त्या कागदावर पहिल्या नवऱ्याचं नाव आहे म्हणून तिने तो कधीच फाडून टाकला होता. ऑनलाइन काढायचा तर केस नंबर हवा किंवा तेव्हाचा मोबाइल नंबर हवा. नंबर तिने मुद्दाम बदललेला. वकिलाचं ऑफिस बंद झालेलं. म्हणजे कुणीतरी कोर्टात जाऊन शोध घ्यायला हवा होता. मुलगा कंपनीच्या कामाने समुद्रातल्या तेलाच्या रिगवर गेलेला, तिथे धड नेटवर्क नाही. तिने सगळी रजा लग्नासाठी साठवलेली. शाळेतून निवृत्त होऊन घरी बसलेली मोकळी बाई एकच होती, ती म्हणजे मी.

"मी जाते की," मी म्हटलं. तिने लगेच माझ्या नावाने मुखत्यारपत्र करून दिलं. व्हिडिओ कॉलवर नोटरीने तिला विचारलं, या बाईंवर तुमचा विश्वास आहे ना. ती हसून म्हणाली, "हंड्रेड परसेंट." मी शेजारीच बसले होते.

आता कोणत्या कोर्टात जायचं, हा प्रश्न होता. पहिलं लग्न झाल्यावर ती नहदात राहायची. नहदा म्हणजे एकाच नावाची वस्ती, पण मधला रस्ता ओलांडला की राज्य बदलतं. अलीकडे दुबई, पलीकडे शारजा. समोरासमोरच्या बाल्कन्यांतून बायका एकमेकींना हात करतात, पण विजेचं बिल वेगळं, पार्किंगचे नियम वेगळे आणि कोर्टही वेगळं. तिचं घर शारजाच्या बाजूला होतं, नवऱ्याची नोकरी आणि व्हिसा दुबईचा. केस नक्की कुठे चालली, हे तिला सांगता येईना. इथे येऊन तिला वर्षही झालं नव्हतं तेव्हा. वकिलाच्या गाडीत बसायचं, दाखवतील तिथे सही करायची, परत यायचं. सगळं अरबीत.

त्या दिवशी स्वयंपाकघरात मेथी निवडता निवडता ती आठवत होती. "काकू, गाडी एका पुलावर चढायची. खाली पाणी, कडेला लाकडी होड्या बांधलेल्या. पूल उतरला की थोड्याच वेळात कोर्ट यायचं. मी रडत असायचे, म्हणून पाण्याकडे बघत बसायचे."

मी वीस वर्षांहून जास्त दुबईत गाडी चालवते. तिने पूल म्हटलं आणि मला तो पूल, ती खाडी आणि पुढचं दुबईचं कोर्ट सगळं दिसलं. नंतर मी स्वतःची समजूत घालायचा बराच प्रयत्न केला, की पाणी शारजातही आहे, होड्या तिथेही असतात. पण त्या क्षणी माझ्या मनात शंका नव्हती.

मी मेथीची जुडी बाजूला ठेवली आणि म्हटलं, "घर शारजात होतं ना, मग शारजालाच असणार. आधी तिथे बघते."

का म्हटलं? लग्न मोडावं असा काही माझा डाव नव्हता. तारीख जरा पुढे जावी, मुलाने अजून थोडा विचार करावा, काहीतरी आपोआप घडावं आणि माझ्यावर आळ येऊ नये, इतकंच. मनाचा मोठेपणा गावभर मिरवून झाला होता, त्यामुळे आता उघड नाही म्हणायची सोय उरली नव्हती.

गुरुवारी मी शारजाला गेले. काउंटरवरची अबाया घातलेली मुलगी फार नीट वागली. होणाऱ्या सुनेचा जुना पासपोर्ट नंबर, नवऱ्याच्या आडनावासकट नाव, सगळं घालून तिने शोधलं. माझ्यासमोर पाणी ठेवलं, पुन्हा शोधलं. मग इंग्रजीत म्हणाली, "आमच्याकडे नाही. पण नवऱ्याचा व्हिसा दुबईचा होता म्हणता, तर तिथे विचारा. बहुतेक तिथेच मिळेल, इन्शाल्ला." मी शुक्रन म्हणून आभार मानले आणि उठले.

गाडीत बसून मी होणाऱ्या सुनेला फोन लावला आणि त्या वाक्याचा अर्धाच भाग सांगितला.

"त्यांच्याकडे रेकॉर्ड नाही गं."

मग तिने विचारलं, "नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. दोनदा शोधलं त्यांनी." इथे थांबता आलं असतं. पण मी पुढे म्हटलं, "त्या वकिलाने केस खरंच दाखल केली होती ना? तू निकालाचा कागद नीट बघितला होतास?"

"अरबीत होता, काकू. वकिलानेच सांगितलं की झालं, खलास." तिचा आवाज एकदम लहान झाला. "म्हणजे मी अजून त्याची बायको आहे?"

"असं काही नसेल. दुबईला पण बघू. पण आता वीकेंड लागला, सोमवारीच जाते."

शारजाला शुक्रवारी सुट्टी असते. दुबईला नसते, तिथे शुक्रवारी दुपारपर्यंत काम चालतं. हे इथे राहणाऱ्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे, फक्त ती अबुधाबीत शिफ्टमध्ये अडकलेली, घाबरलेली, तिला ते सुचलं नाही. शुक्रवारची सकाळ मी मंडळाच्या नाटकाच्या तालमीत घालवली. मला त्यात सासूचं काम होतं आणि मी ते छान करत होते, असं सगळे म्हणाले.

शनिवार-रविवार तिचा फोन आला नाही. मीही केला नाही. रात्री जेवताना नवऱ्याने विचारलं, "कागदाचं काय झालं?" मी पुलाचं आणि शुक्रवारचं सगळं त्याला सांगून टाकलं. का सांगितलं कोण जाणे, बहुधा तो तरी माझी बाजू घेईल म्हणून. हा तोच माणूस, ज्याने आठवडाभर गाल फुगवले होते. त्याने घास खाली ठेवला. "मला पसंत नव्हतं तर मी तोंडावर बोललो," तो म्हणाला. "तू हे काय चालवलं आहेस? सोमवारी जा, कागद आण आणि तिला खरं काय ते सांग." मग तो उठून हात धुवायला गेला. त्याच्यासमोर मला इतकं खुजं कधी वाटलं नव्हतं.

सोमवारी सकाळी मी तो पूल चढले. खाली पाणी होतं, होड्या होत्या. कोर्टात मुखत्यारपत्र दाखवलं, नाव सांगितलं, आणि काउंटरवरच्या माणसाने चहाचा कप हातातून खाली न ठेवता केस शोधून काढली. फी भरली, शिक्का बसला, कागद हातात आला. अरबी मला वाचता येत नाही. इंग्रजीत फक्त तिचं नाव होतं, आणि त्याचं. इतकं सोपं काम होतं ते.

पार्किंगमधूनच मी फोन केला. "सापडलं. दुबईलाच होतं. रीतसर घटस्फोट झालेला आहे तुझा."

ती पेशंट सोडून जिन्यात आली असावी, आवाज घुमत होता. आधी नुसती रडली. मी म्हणत राहिले, अगं झालं ना आता, यल्ला, चल, डोळे पूस. मग ती म्हणाली, "काकू, मी शनिवारी त्याला फोन केला."

"कुणाला?"

"त्यालाच. माझ्याकडे दुसरा रस्ताच नव्हता. तुम्ही म्हणालात ना, केस दाखल झाली होती का. मला झोपच लागेना. वाटलं, मी मॅरीड असून मॅरेज करतेय, जेलमध्येच जाईन. त्याच्याकडे केस नंबर असेल म्हणून त्याच्या बहिणीकडून नंबर घेतला."

नंबर बदलून, नोकरी बदलून, नहदा सोडून ती अबुधाबीला का गेली होती, ते मला माहीत होतं. मुलाने सांगितलं होतं. तो माणूस हात उगारायचा. तिने पोलिसांत जाऊन, कोर्टात जाऊन स्वतःला सोडवून घेतलं होतं आणि तेव्हापासून ती कुठे आहे हे त्याला कळू दिलं नव्हतं.

"काय म्हणाला तो?"

"हसला. म्हणाला, अब याद आई मेरी? केस नंबर दिलाच नाही. कोणाशी लग्न करतेस, कुठे राहतेस, हेच विचारत राहिला. मी काही सांगितलं नाही. पण नंबर गेला ना माझा." ती थोडी थांबली. "काकू, ह्याला सांगू नका प्लीज. तो रिगवरून उठून येईल. हे तुमच्या-माझ्यातच राहू दे."

पुलाचं सांगायची हीच वेळ होती. शब्दही जुळले होते. पण तिने आपलं सर्वांत मोठं भय विश्वासाने माझ्या ओटीत टाकलं होतं, आणि ते भय जागं केलं ते मीच, हे मला म्हणवेना. "नाही सांगत," एवढंच मी म्हटलं. नवऱ्याला सांगितलं, की लग्न होऊ दे, मग बोलते तिच्याशी.

लग्नाच्या दिवशी ती मोतिया रंगाची पैठणी नेसली होती. आम्ही चौघं कोर्टाच्या गार हॉलमध्ये नंबर यायची वाट बघत बसलो. मुलगा रिगवरून काळवंडून आला होता आणि सारखा टाय सैल करत होता. "आई, सिरियसली, यू सेव्ह्ड अस," तो म्हणाला. "दॅट पेपर वॉज द ओन्ली थिंग." मी पदर सारखा केला. नवरा शेजारून उठून पाणी आणायला गेला.

मुलगा फॉर्मचं काहीतरी विचारायला काउंटरवर गेला तेव्हा तिने फोन माझ्यापुढे धरला. अनोळखी नंबरवरून मेसेज होता, हिंदीत. आजच आहे ना, असं काहीतरी; तारीख त्याला कुठून कळली कोण जाणे. वर त्याच नंबरचे आणखी बरेच मेसेज होते. तिने एकालाही उत्तर दिलं नव्हतं.

"तू ब्लॉक का करत नाहीस?" मी विचारलं.

"केला होता. तो नवीन नंबर घेतो." तिने पैठणीच्या निऱ्या नीट केल्या. तिचा चेहरा शांत होता. "चूक माझीच आहे, काकू. दोन दिवस धीर धरला असता तर काही झालं नसतं. तुम्ही तर म्हणाला होतात, सोमवारी जाते म्हणून. मलाच दम निघाला नाही."

"तुझी कसली चूक," मी म्हटलं. त्यापुढचं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. तेवढ्यात आमचा नंबर लागला.

ती उठली आणि फोन माझ्या हातात दिला. "तुमच्याकडे राहू दे. तुमच्याकडे असला की मला भीती नाही वाटत, आई."

आई ती मला पहिल्यांदाच म्हणाली. अधिकाऱ्याने दोघांना समोर बसवलं, नावं विचारली, आपण स्वखुशीने लग्न करत आहात ना, असं विचारलं. दोघांनी हो म्हटलं. तेवढ्या वेळात माझ्या हातातला तो फोन तीनदा थरथरला. मुलाला दिसू नये म्हणून मी तो पदराखाली घट्ट धरून बसले होते.