दाढ कोणत्या घरची

माझं तोंड फटकळ आहे असं सगळे म्हणतात. म्हणू देत. ज्या दिवशी ते उघडायला हवं होतं त्या दिवशी बंद राहिलं, तेव्हापासून मी त्याला लगाम घालत नाही.

देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. आर्वीजवळच्या खेड्यात माझं सासर, वर्ध्याला लागून नालवाडीत माहेर. पहिल्यांदा दिवस गेले आणि निंबाची काडी तोंडात घातली की उलटी व्हायला लागली. मी दात घासणंच सोडलं. राखुंडीचं बोट फिरवायचं, चूळ भरायची, झालं. हिरड्यांतून रक्त यायचं. मोरीत लाल थुंकी बघून घाबरले, तर सासू म्हणाली, "होते वं तसं. लेकरू मायच्या हाडातूनच खाते." सात लेकरांमागे तिचे स्वतःचे पाच दात उरले होते, त्यामुळे मला ते पटलं.

पाचव्या महिन्यात खालची दाढ ठणकायला लागली. लवंग झाली, तुरटीच्या चुळा झाल्या. भाकर चावेना म्हणून ज्वारीच्या कण्या ताकात कालवून गिळायची. सासऱ्यांसमोर तोंडावर पदर असायचा, त्यामुळे गाल किती सुजला ते त्यांना दिसायचं कारणच नव्हतं. शेवटी आमच्या ह्यांनी धीर करून त्यांच्यापाशी विषय काढला. आर्वीच्या बाजारात दात काढणारा बसायचा, त्याच्याकडे नेऊ का म्हणून.

सासरे म्हणाले, "पहिलटकरीण हाये. काही कमीजास्त झालं तर तिच्या बापाले काय तोंड दाखवू? सातव्यात माहेरी जाणारच हाये, तिकडंच काढू द्या."

माणसं वाईट नव्हती हो. सासू स्वतःच्या वाटणीचं दूध माझ्या वाटीत ओतायची. वाईट असती तर शिव्या तरी देता आल्या असत्या.

सातव्यात बाबा न्यायला आले. आर्वीहून छोट्या आगगाडीनं पुलगाव, तिथून वर्धा. गाडीच्या दर हिसक्याला दाढेतली कळ कानात जायची. घरी आईनं गाल पाहिला अन् कपाळावर हात मारून घेतला. "बाप्पा! काय करून आणलं वं हे?" दुसऱ्याच दिवशी बाबा मला वर्ध्याच्या दवाखान्यात घेऊन गेले.

डॉक्टरीण तरुण होती. हिरडीवरून बोट फिरवून म्हणाली, "आत पू झालाय. आजच काढायला हवी. दाढेपुरतीच भूल देईन, बाळाला काही होत नाही. उलट ठेवली तर ताप येईल. आणि हिला खाता येत नाही तर ते बाळ वाढणार कशावर?"

बाबा टोपी हातात घेऊन उभे होते. "बाईसाहेब, लेक आता त्याईच्या घरची. पोटात त्याईचा वंश. मी जावईबापूले चिठ्ठी टाकतो. होकार आला का घेऊन येतो."

ती चिडली. त्यांना सोडून माझ्याकडे वळली. "दाढ तुझी आहे. तू सांग. काढू?"

जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मला विचारलं होतं, आणि मी बाबांच्या तोंडाकडं बघितलं. ते खाली बघत होते. मी म्हटलं, "बाबा म्हणतील तसं." तिनं चिमटा ताटलीत ठेवून दिला, गोळ्या दिल्या, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या करायला सांगितल्या.

पोस्टकार्ड गेलं. सासऱ्यांनी सांगून ह्यांच्याकडून लिहवून घेतलेलं उत्तर आलं: सूनबाई सध्या आपल्याकडे आहे, आपल्या विचाराने करावे. बाबांना त्यात होकार दिसेना. त्यांनी दुसरं कार्ड टाकलं. दोन सज्जन घरं माझी दाढ एकमेकांच्या अंगणात टाकत बसली होती, आणि मी गाल धरून पोस्टमनची वाट बघत होते. बोलायचं कुणाला? आपलेच दात, आपलेच ओठ.

त्या कार्डाचं उत्तर यायच्या आत ताप चढला. जबडा उघडेना. आई चमच्यानं पेज घालायची, ती अर्धी हनुवटीवरून ओघळायची. आठवा लागून चारच दिवस झाले होते, अन् कळा सुरू झाल्या. मुलगी झाली. माझ्या ओंजळीत मावली असती एवढी. दोन दिवस होती. बाराव्या दिवसाआधी आमच्याकडे नाव ठेवत नाहीत, म्हणून तिला नावही नाही. तिसऱ्या दिवशी कार्ड आलं. दाढ काढावी, असं लिहिलं होतं.

पुढं ती सूज आतून फुटली, ताप उतरला. सव्वा महिन्यानं बाबा मला त्याच दवाखान्यात घेऊन गेले. या खेपेला कुणाची चिठ्ठी लागली नाही. पोट रिकामं झालं तशी दाढ माझी झाली होती. डॉक्टरणीनं मला ओळखलं. एकदा पोटाकडं बघितलं अन् नजर काढून घेतली.

"काढू?" तिनं विचारलं.

"काढा," मी म्हटलं. बाहेर बसलेल्या बाबांनाही ऐकू गेलं असेल. दाढ निघायला पाणी प्यायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

हाच शब्द आधी म्हटला असता तर माझी लेक जगली असती का, हे डॉक्टरणीला विचारायचं ठरवूनच मी घरून निघाले होते. तोंडात कापूस होता, पण बोलता येत होतं. नाही विचारलं. ती हो म्हणाली असती तर?