वाकळ कोण उचलतंय?

"वाकळ कोण उचलतंय ते बघा, मग लिहा." आमच्या बाईंचं हे वाक्य मी सोलापूरच्या कचेरीत सात वर्षं ऐकलं, आणि पहिली दोन वर्षं मला त्याचा भयंकर राग यायचा.

बाई पोरांच्या संरक्षणाचं काम बघायच्या, मी त्यांचा कारकून. घरात पोराला मारहाण होतेय असं कळलं की त्या सगळ्या नातेवाइकांना बोलावून एकत्र बसवायच्या. पोर कुणाकडे राहणार ते तिथं ठरायचं. तुम्हीही नातेवाइकांच्या बैठका पाहिल्या असतील. बोलायला काय, जो तो पुढे! म्हणून बाईंची रीत अशी, की पोराची वाकळ, म्हणजे पांघरायची गोधडी, घडी घालून मधोमध ठेवायची. जो नेणार त्याने ती सगळ्यांदेखत उचलायची. तोवर चहा नाही. चहा नाही म्हटलं की माझं डोकं उठायचं, खोटं कशाला बोलू!

बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. नऊ वर्षांची पोरगी, आई गेलेली. बापाने दारूच्या तारेत तिचा हात मोडला होता. प्लास्टरातला हात सांभाळत तिने दुसऱ्या हाताने वाकळ ओढत आणली आणि मधे ठेवून भिंतीला चिकटून बसली.

चुलता काय बोलला म्हणता! "माज्या पोटच्या पोरीगत सांबाळतो की, बाई. लई जीव हाय माजा तिच्यावर." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी कागदावर त्याचं नाव लिहूनही टाकलं.

"उचला मग," बाई म्हणाल्या.

चुलत्याने बायकोकडे पाहिलं. "घे गं."

ती जागची हलली नाही. "हात बरा झाल्यावर न्हिऊ की. आत्ता न्हिऊन काय करायचं? विड्या कशा वळंल ती?"

पोरगी मान खाली घालून प्लास्टरचा पोपडा सोलत होती.

दाराशी दुधनीहून आलेली मावशी बसली होती. तिला मराठी बेताचंच यायचं, सकाळपासून ती एक अक्षर बोलली नव्हती. ती उठली, वाकळ काखेत मारली आणि पोरीपुढे हात केला. "बारव्वा," म्हणाली. कानडीत, ये गं बाळ.

बाई माझ्याकडे वळल्या. "आता लिहा. आणि आधीचं खोडा." त्यांनी माझा कागद कधी पाहिला होता देव जाणे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानंतर दर साली सुगी झाली की मावशी आणि पोरगी शेंगांची पिशवी घेऊन बाईंकडे यायच्या. बाई अर्ध्या शेंगा मला द्यायच्या आणि वर म्हणायच्या, "खा, चहा चुकला होता ना तुमचा."

बाई निवृत्त झाल्या आणि वर्षभरात अर्धांगाचा झटका आला. लग्न केलेलं नव्हतं, मंगळवार पेठेतल्या एका खोलीत एकट्याच राहायच्या. आम्ही जमलो. दोन भाचे, शेजारी, कचेरीतले आम्ही तिघं. कुणी म्हणालं पुण्याला हलवू, कुणी म्हणालं सांभाळायला कामवाली ठेवू. "त्यांना एकटं ठेवणं बरोबर नाही," हे मी दोनदा म्हणालो. बाई खाटेवरून आम्हा एकेकाकडे पाहत होत्या. पायथ्याशी त्यांची वाकळ घडी घातलेली होती. मला ती दिसत होती हो! मी आपला बोलतच होतो.

तेवढ्यात त्या दोघी शेंगा घेऊन आल्या. पोरगी आता मावशीएवढी उंच झालेली. तिने आम्हा सगळ्यांचं बोलणं उभ्यानेच ऐकलं. मग मावशीकडे पाहिलं. मावशीने मान हलवली. पोरीने पिशवी खाली ठेवली, पायथ्याची वाकळ उचलून काखेत मारली आणि खाटेजवळ वाकली.

"बारव्वा," म्हणाली.

बाईंचं तोंड वाकडं झालेलं, जीभ जड. तरी त्यांनी मलाच शोधलं.

"आता... लिहा," म्हणाल्या.

माझ्याजवळ कागद नव्हता. आज लिहितोय, बाई.