रुबाबाचे टायर

नव्या रबराचा वास आला, की मला अजून बसल्या जागी चुळबुळ सुटते. स्प्रिंगचे जाड पाटे चढवून जीप वीतभर उंच केली, तेव्हा शहागडच्या टायरवाल्या चाचांनी बजावलं होतं, "टायर उंच अन् अरुंद घ्या, मालक. काळा चिखल चिरून खालची कडक जमीन बराबर धरते." मी म्हणालो, "चाचा, एवढ्या गाडीला बारीक पाय? बगळा दिसंल!" आणि चांगले रुंद टायर चढवले. पुढं ऑक्टोबरात, पाऊस नुकताच उघडलेल्या सकाळी, धाकट्या बहिणीला बारावीच्या इंग्रजीच्या पेपराला आष्टीला न्यायचं होतं. मार्चमध्ये तो राहिला होता. आताही राहिला तर वडील तिचं लग्न उरकणार होते. वस्तीपासून हाकेच्या अंतरावरच टायरांची नक्षी चिखलानं बुजली आणि चाकं जागेवर गरगरू लागली. "दादा, किती वाजले?" "झालंच, निघतीय." मी ॲक्सिलरेटर दाबत होतो, जीप रुतत होती, ती घड्याळ बघत होती. तेवढ्यात मागून शेजाऱ्याची बैलगाडी आली. तिची उंच, बारीक चाकं चिखल कापत आरामात आमच्या शेजारून निघाली. शेजारी म्हणाला, "काय मालक, सरकी पेरून राह्यले का?" बहिणीनं चपला हातात घेतल्या, बैलगाडीत उडी मारली आणि जाता जाता ओरडली, "दादा, जीप सांभाळ! कुणी न्हाई नेणार, तरी सांभाळ!" डांबरी रस्त्यावर तिला एसटी मिळाली. ती पास झाली, आज शाळेत इंग्रजीच शिकवते. मी मात्र तिच्याकडं जाताना जीप तिच्या नजरेआड, चौकातच लावतो. भाच्यांना सांगतो, चालणं तब्येतीला बरं असतं.